डावीकडची दोन घड्याळं

आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एक विमान होतं. ते जमिनीपासून दीड फूट वर होतं आणि त्याच्या वर कधी गेलं नाही. त्याला पंख नव्हते, शेपूट नव्हतं. चहाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेली पेटी, आत भंगारात निघालेल्या बसची एक सीट, समोर दांडी, पायाशी दोन पट्ट्या आणि नजरेसमोर चार गोल तबकड्या. पेटीच्या खाली चार कोपऱ्यांत चामड्याचे चार भाते. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून आप्पांनी ते शिवून घेतले होते. दांडी डावीकडे कलवली की डावीकडचे भाते बसायचे आणि सगळी पेटी हळूच डावीकडे झुकायची. भात्यांखाली एक फिरता पाट होता, त्यामुळे ती गोलही फिरायची. वरून एक झाकण यायचं. झाकणाच्या फटींतून उजेड शिरायचा म्हणून त्यावर आईची जुनी सोलापुरी चादर खिळ्यांनी ठोकलेली होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते पंधरा वर्षं हवाई दलात होते, पण वैमानिक नव्हते. वैमानिकांना जमिनीवरच एका बंद यंत्रात बसवून, बाहेरचं काहीही न दिसता फक्त काट्यांकडे बघून विमान कसं चालवायचं, हे शिकवणाऱ्या विभागात ते होते. आधी यंत्राची दुरुस्ती करायचे, मग शिकवायलाच लागले. नोकरी संपवून सोलापूरला आले ते एका गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात. आम्ही गिरणीच्याच चाळीतल्या शेवटच्या घरात राहायचो, म्हणून ती मागची खोली आमच्या वाट्याला आली होती.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच मागं पडला होता. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, दुसऱ्या शहरातल्या एका फ्लाइंग क्लबात प्रवेश मिळाला. आमच्या चाळीतून कोणी विमान चालवायला जाईल हे लोकांना खरंच वाटत नव्हतं. काही महिन्यांनी दादाचं पत्र आलं. त्यात शेवटी दोनच ओळी आप्पांना उद्देशून होत्या. मोकळ्या आकाशात ठीक जमतं, पण सर डोळ्यांपुढं पडदा लावून काट्यांवर उडवायला सांगतात तेव्हा मला वर-खाली काही कळत नाही, मी घाबरतो.

आप्पांनी पत्र वाचलं, चहाचा कप तसाच ठेवला आणि मागच्या खोलीत गेले. तिथली कोळशाची पोती त्यांनी बाहेर काढली. आई म्हणाली, "अहो, पोती कुटं ठिवायची आता?" आप्पा म्हणाले, "कुठंही ठेव. मला जागा लागणार आहे."

दसऱ्याला सुरू केलेलं काम होळीला संपलं. जुन्या बाजारातून तारा, मोटारी, भिंतीवरच्या घड्याळांच्या तबकड्या आल्या. खऱ्या विमानात अशा सहा तबकड्या असतात. आप्पांना चारच जमल्या. डावीकडे वर वेगाची, तिच्याखाली उंचीची. उजवीकडे वर दिशेची, तिच्याखाली वळणाची. आई त्यांना घड्याळंच म्हणायची, मग आम्हीही म्हणायला लागलो.

बाहेर एका टेबलावर हीच चार घड्याळं पुन्हा होती. आतला काटा हलला की बाहेरचाही तेवढाच हलायचा. त्या टेबलाशी मी बसायचे. मी तेव्हा वीस वर्षांची होते, बी. एस्सी.ला. आत बसणाऱ्याच्या कानाला एक टेलिफोनचा रिसीव्हर बांधलेला असायचा आणि दुसरा माझ्या हातात. "दोन हजार फूट ठेवा. उजवीकडे वळा, नव्वद अंश," असं मी सांगायचं आणि घड्याळं बघून वहीत लिहायचं. उंचीचा काटा शून्यावर आला तर एक इलेक्ट्रिक घंटा वाजायची. म्हणजे विमान जमिनीवर आदळलं.

पहिल्या आठवड्यात ती घंटा इतकी वाजली, की शेजारीण विचारायला आली, तुमच्याकडं शाळा काढली का म्हणून.

रविवारी चाळीतली माणसं नंबर लावून बसायची. गमतीची गोष्ट होती ती सगळ्यांना. शहराच्या पूर्व भागातून एक म्हातारे विणकर यायचे, आप्पांचे मित्र. घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी त्यांच्या पद्धतीचं मराठी. आप्पांनी त्यांना आत बसवलं, झाकण लावलं आणि पेटी हळूहळू गोल फिरवली. मग थांबवली. मी रिसीव्हरमधून विचारलं, "काका, आता कुठं वळताय?"

"उलटं फिरतंय! जोरात फिरतंय, थांबव अम्मा!"

पेटी जागेवर स्थिर होती. बाहेर सगळे हसत होते. झाकण उघडल्यावर त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग भिंतीकडे आणि मग आप्पांच्या तोंडाकडे. त्यांना खरोखर धक्का बसला होता. "मी खोटं नाही बोलत मास्तर. फिरत होतं."

"तुम्ही खोटं नाही बोलत," आप्पा म्हणाले. "तुमचं अंग खोटं बोलतं. आपल्या सगळ्यांचं बोलतं. म्हणून आत बसलं की स्वतःला काय वाटतं ते सोडून द्यायचं. काटा सांगेल ते खरं."

हे वाक्य आप्पा इतक्या वेळा म्हणायचे, की आम्हाला त्याचा कंटाळा यायचा. काटा सांगेल ते खरं. आईसुद्धा एकदा आत बसली. मंगळवेढ्याकडच्या शेतकरी घरातली माझी आई, चौथी शिकलेली. बाहेर आली आणि पदर सावरत म्हणाली, "लई गरगरलं मला. पण त्या घड्याळात काटा सरळ हुता, म्हंजी मी सरळच हुते की." आप्पांना इतका आनंद झाला, की दादाला पत्रात त्यांनी पहिली बातमी तीच लिहिली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दादा आला. पत्र्याखाली भट्टीसारखं तापायचं, म्हणून पहाटे बसायचो. पहिले चार दिवस दादा चादरीखालून घामाघूम होऊन बाहेर यायचा आणि घंटा वाजलेली असायची. महिनाअखेरीस तो दोन हजार फुटांवर चौकोन काढायला लागला. चौकोन म्हणजे सरळ जायचं, उजवीकडे नव्वद अंश वळायचं, असं चार वेळा करून जिथून निघालो तिथं यायचं. वेग आणि उंची जराही ढळू न देता. टेबलावर पसरलेल्या कागदावर तीन चाकांची एक छोटी गाडी होती, तिच्या चाकाला लावलेली जांभळी शाई विमानाचा मार्ग कागदावर उमटवायची. दादाचे चौकोन आधी रताळ्यासारखे यायचे, मग हळूहळू चौकोनासारखे.

आप्पांचा चौकोन मात्र पट्टीनं आखल्यासारखा असायचा. उंचीचा काटा केसभरही हलायचा नाही. दादा जायच्या आदल्या दिवशी त्यांनी तो काढून दाखवला, कागद फाडून दादाच्या ट्रंकेत ठेवला आणि म्हणाले, "हे जवळ असू दे."

त्यानंतर पावसाळा आला. पत्रा गळायचा म्हणून यंत्रावर ताडपत्री टाकली आणि ते तसंच राहिलं. श्रावणात आप्पांचं डोकं दोन दिवस खूप दुखलं. गोळ्या घेऊन, खोलीत अंधार करून ते पडून राहिले. तिसऱ्या दिवशी उठले आणि गिरणीच्या भोंग्याबरोबर स्कूटरवरून कामाला गेले. घरात त्याबद्दल पुन्हा कोणी बोललंही नाही. घरातल्या कर्त्या माणसाचं डोकं दुखणं ही काही लक्षात ठेवण्याची गोष्ट नव्हती.

दिवाळीला दादा आला तो खुशीत. पडद्यामागचं उड्डाण त्याला जमायला लागलं होतं. भाऊबीजेच्या सकाळी आम्ही ताडपत्री काढली, भाते झटकले, मोटारींना तेल दिलं. दादानं चौकोन काढला, चांगला काढला. मग म्हणाला, "आप्पा, आता तुमचा होऊन जाऊ द्या."

आप्पा आत बसले. झाकण लागलं. मी वही उघडली.

"दोन हजार फूट, उत्तर दिशा," मी म्हणाले.

"दोन हजार. उत्तर," आतून उत्तर आलं. आप्पांचा आवाज रिसीव्हरमध्ये नेहमी थोडा तरुण वाटायचा.

पहिली बाजू नीट गेली. दिशेचा काटा ठोकून बसवल्यासारखा उत्तरेवर. मी सहज उंचीकडे पाहिलं, तर अठराशे. मला वाटलं, सावरतील. दीड हजार झाले. वेगही बदलत होता.

"आप्पा, उंची," मी म्हणाले.

"उंची ठीक आहे."

"आप्पा, चौदाशे."

"दोन हजार आहे. वळतोय, नव्वद अंश." आणि ते वळले. वळण अगदी सुंदर घेतलं. कागदावर जांभळी रेघ काटकोनात फिरली. माझ्या टेबलावर हजार फूट होते. मी दादाकडे पाहिलं. तो माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि हसायला लागला. "मुद्दाम करतायत. गंमत करतायत आपली."

मलाही क्षणभर तसंच वाटलं. पाचशे. तीनशे. आत आप्पा शांतपणे दुसऱ्या वळणाची तयारी करत होते, मला ऐकू येत होतं, ते तोंडानं अंश मोजत होते. शून्य झालं आणि घंटा वाजली.

घंटा वाजत राहिली. आतून आप्पांचा आवाज आला, "घंटा का वाजवतेस?"

"मी नाही वाजवली, आप्पा. तुम्ही खाली आलात."

झाकण उघडलं. आप्पांच्या चेहऱ्यावर गंमत वगैरे काही नव्हती. दादाचं हसणं तिथंच थांबलं. आप्पा उतरून टेबलाशी आले, घड्याळांवर बोटानं टिचक्या मारल्या, तारा ओढून पाहिल्या. "टेबल बिघडलंय," म्हणाले. "पावसानं तारा गंजल्यात."

तो दिवस आणि दुसरा दिवस ते त्या तारांशी झटत राहिले. डावीकडची दोन्ही घड्याळं उघडली, साफ केली, पुन्हा बसवली. दादाला आत बसवून पाहिलं. दादाचा चौकोन बरोबर आला, आतली आणि बाहेरची घड्याळं बरोबर जुळली. मग आप्पा पुन्हा बसले. पुन्हा तेच. दिशा अचूक, वळणं अचूक, आणि उंची पाणी गळाल्यासारखी हळूहळू खाली. मी प्रत्येक शंभर फुटांना सांगत होते. प्रत्येक वेळी आतून उत्तर यायचं, ठीक आहे. घंटा वाजली.

या वेळी ते झाकण उघडून तिथंच बसून राहिले. माझ्याकडे बघत म्हणाले, "पोरी, खरं सांग. तू टेबलावरून काही फिरवतेस का? दादाला बरं वाटावं म्हणून?"

मी आयुष्यात आप्पांशी खोटं बोलले असेन, पण तेव्हा नाही. आप्पा मला कधी रागावल्याचं आठवत नाही, आणि इथं ते मला चोर ठरवत होते, तेही इतक्या शांत आवाजात. दादा मध्ये पडला, "आप्पा, मी इथं उभा होतो. ती फक्त लिहीत होती."

"मग यंत्र खोटं बोलतंय," आप्पा म्हणाले.

यंत्र खोटं बोलतंय, हे वाक्य आप्पांच्या तोंडून येईल, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. मला वाटतं, त्यांनाही ते ऐकू आलं. त्यांनी दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मला तेव्हा काही शंका आली होती असं मी म्हणणार नाही. मी नुसती रागावले होते. मला सिद्ध करायचं होतं की मी खरं बोलते. म्हणून म्हणाले, "झाकण उघडं ठेवून बसा. मी टेबलावर बसत नाही. तुमच्या शेजारी उभी राहते. आतलंच घड्याळ आपण दोघं बघू."

मोटार सुरू झाली. मी पेटीच्या डाव्या अंगाला उभी राहिले. आप्पांनी दांडी धरली आणि समोर बघायला लागले. मी आधी काट्यांकडे बघत होते. उंची उतरायला लागली, तशी मी आप्पांकडे पाहिलं.

ते काट्यांवर नजर फिरवत होते. शिकवताना ते नेहमी सांगायचे, नजर एका जागी ठेवायची नाही, सतत फिरत राहिली पाहिजे. त्यांची फिरत होती. उजवीकडे वर, उजवीकडे खाली, पुन्हा वर. पुन्हा खाली. डावीकडे ती एकदाही आली नाही. मधल्या जागेवर आली, की परत फिरायची. जणू पुढं भिंत आहे.

"आप्पा," मी म्हणाले, "उंचीचं घड्याळ कुठलं?"

"हे काय." आणि ते बोट दाखवायला गेले, तेव्हा सगळी मान वळवावी लागली त्यांना. मान वळल्यावर घड्याळ दिसलं. काटा आठशेवर होता. ते बघतच राहिले. "हे आत्ता..." म्हणाले.

"पुन्हा समोर बघा," मी म्हणाले. त्यांनी मान सरळ केली. मी माझा हात त्यांच्या डाव्या कानाच्या पुढं, हातभर अंतरावर धरला आणि बोटं हलवली. "आप्पा, माझा हात दिसतोय?"

"कुठला हात?"

मोटार चालूच होती. पेटी पुढं झुकत चालली होती. दादानं कधी बटण बंद केलं, मला आठवत नाही. घंटा वाजली नाही एवढं आठवतं. आप्पा सीटवर बसून होते, समोर बघत, आणि मी माझा हात हळूहळू उजवीकडे आणत होते. नाकाच्या रेषेशी आला तेव्हा ते दचकले. हात हवेतून उगवावा तसे दचकले. मीही दचकले. दोन्ही डोळे उघडे होते, स्वच्छ होते, मला बघत होते. आणि अर्धं जग त्यांना दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे त्यांना माहीत नव्हतं.

दादा घरात गेला आणि खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढून त्यानं खिशात टाकली.

मग घरात जे झालं ते भांडण म्हणावं की काय, मला कळत नाही. आप्पा म्हणत होते, काही झालेलं नाही, दिवाळीच्या आदल्या दिवशीच मी गिरणीत जाऊन आलो. दादा म्हणत होता, कसे आलात तेच मला समजत नाही. आई दारात उभी राहून ऐकत होती. तिला मी समजावून सांगितलं तेव्हा ती आधी खाली बसली. मग म्हणाली, "दर शुक्रवारी मी मागं बसून बाजारला जाते की. परवा तो टांगा आला न्हाय का अंगावर? हे म्हणाले, टांगा अचानक कुटनं आला. अचानक न्हवता आला. मला लांबनं दिसत हुता."

"मग बोलली का नाहीस?" दादा ओरडला.

"मला वाटलं, यांना बी दिसतोय."

आई एकेक आठवायला लागली. दोन महिने झाले, डाव्या गालावर दाढीचे खुंट राहतात. ताटातली डावीकडची चटणी, कोशिंबीर तशीच राहते, तिला वाटलं, पित्त झालं असेल म्हणून तिखट सोडलं. वर्तमानपत्र वाचायचं बंद केलं, म्हणाले, त्यात वाचण्यासारखं काही नसतं. "मी ताट उचलत हुते," आई म्हणाली. "रोज उचलत हुते. आन मला कळलं न्हाय." ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं, स्वतःबद्दलचं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते तरुण होते, घाईत होते. डोळ्यांत बॅटरी मारून म्हणाले, "डोळे छान आहेत." दादानं सगळी हकिकत सांगितली. यंत्राची, घड्याळांची. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पुन्हा सांगा," म्हणाले. मग त्यांनी आप्पांना खुर्चीवर बसवून, स्वतःचं बोट चारी बाजूंनी आणून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेवटी म्हणाले, डोळ्यांत दोष नाही. डोळ्यांनी पाहिलेलं जिथं पोचतं, त्या मेंदूच्या मागच्या भागात एका बाजूला रक्त पोचलेलं नाही, रक्ताची गाठ अडकली असावी. श्रावणात डोकं दुखलं होतं ना, तेव्हाच. डावीकडचं दिसत नाही, आणि डावीकडे बघायचं असतं हेसुद्धा मेंदू विसरलाय. म्हणून त्यांना काही कमी आहे असं वाटतच नाही.

"पण मला टेबल पूर्ण दिसतंय," आप्पा म्हणाले. "आत्ताही दिसतंय."

"मेंदू भरून काढतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला वाटतं की दिसतंय."

मी आप्पांकडे बघत होते. पत्र्याच्या खोलीत किती जणांना त्यांनी हेच सांगितलं होतं. ते खुर्चीत मागं टेकले. त्यांचा चेहरा त्या म्हाताऱ्या विणकरांसारखा झाला होता. आधी जमिनीकडे, मग भिंतीकडे, मग समोरच्या माणसाच्या तोंडाकडे.

पुण्याला नेलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. शस्त्रक्रिया करण्यासारखं काही नव्हतं. रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, सिगारेट सोडायला लावली. गेलेलं परत येणार नाही, पण मान वळवायची सवय लावता येते, म्हणाले. आणि एक गोष्ट म्हणाले, ती दादानं नंतर मला सांगितली. असे रुग्ण बहुतेक करून अपघातानंतरच आमच्याकडे येतात. घरात बसून कोणाच्या लक्षात आलं असं मी पहिल्यांदा बघतोय.

गिरणीनं आप्पांना चालत्या यंत्रांवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. स्कूटर विकली. दादा परत गेला, पण जाण्याआधी तीन वेळा मला म्हणाला, माझ्या डावीकडं हात धर. मी धरायचे. दिसतोय, म्हणायचा. पुन्हा धर, म्हणायचा. पुढं त्याला लायसन्स मिळालं, नोकरीही मिळाली. अजूनही तो विमानात बसला की आधी डोकं डावीकडं फिरवून प्रत्येक काट्याला बोट लावतो, त्याच्या बायकोनं मला सांगितलं.

आप्पा यंत्रात पुन्हा कधी बसले नाहीत. मी एकदा सुचवलं, घड्याळं उजवीकडं घेऊ या का सगळी? ते म्हणाले, "विमानात ती डावीकडंच असतात, पोरी." मग मला म्हणाले, "तू बस. मी टेबल बघतो." त्यांनी टेबल असं ओढून घेतलं, की सगळी घड्याळं त्यांच्या उजव्या हाताला आली. माझ्यावर घेतलेल्या संशयाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. पण चादरीखाली बसलेली असताना त्यांचा आवाज माझ्या कानात यायचा, "अठराशे, पोरी. सावर," आणि मी लगेच सावरायचे. मी विमान चालवायला कधी गेले नाही. त्या काळी घरातून दोघांना पाठवणं शक्य नव्हतं. पण चौकोन मला काढता यायला लागला.

रस्त्यानं जाताना मी त्यांच्या डाव्या हाताला चालायचे. हा नियम आईनं केला होता. एकदा होटगी रस्त्यानं आम्ही धावपट्टीच्या कुंपणापर्यंत गेलो होतो, संध्याकाळच्या आधी, ऊन कललं होतं. कुठल्या तरी पुढाऱ्याचं छोटं विमान येणार होतं. कुंपणाशी दहा-वीस माणसं उभी होती. आवाज आला आणि सगळ्यांच्या माना डावीकडं वळल्या. आप्पा समोरच बघत होते.

मी सांगणार होते, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. ते ऐकत होते. "वेग कमी आहे," म्हणाले. "थोडं जास्त पाहिजे." आणि खरंच, इंजिनाचा आवाज त्याच क्षणी वाढला. मग त्यांनी सावकाश मान वळवायला सुरुवात केली, बाभळीच्या शेंड्यांवरून, तारांवरून, रिकाम्या आभाळावरून. मी बघत होते. एका ठिकाणी ती थांबली.

"हां," आप्पा म्हणाले. "आता दिसलं."